भेटीची वेळ चार ते सहा

चांदवड
सोमवार, ६ जानेवारी २०२५

सायली,

पाकीट बघून तुला वाटेल, आता ही काय नवीन थेरं. फोन आहे, व्हॉट्सॲप आहे, रोज सकाळी अण्णा पाठवतात ती गुलाबाची चित्रं आहेत. पण फोनवर तू माझ्याशी किती बोलतेस ते मी मोजलंय. "बरी आहे. तुम्ही? बरं, अण्णांना द्या." सहा शब्द. शब्द मोजायची माझी सवय तुला माहीत आहेच.

म्हणून पत्र. शिवाय तू नाशिकरोडच्या पोस्टात खिडकीवर बसतेस. पत्र मिळालंच नाही, असं पोस्टातल्या बाईला म्हणता येत नाही. पकडलं की नाही कोंडीत?

कामाचं आधी सांगते. मी निवृत्त होतेय. मीही एक जूनवालीच. आमच्या वेळी ज्या पोराच्या जन्मतारखेचा पत्ता नसे, त्याला गुरुजी शाळेत नाव घालताना बिनदिक्कत एक जून लावून टाकायचे. त्यामुळे आमच्या पिढीतले ढीगभर मास्तर एकतीस मेला एकदमच घरी बसतात. मे महिन्यात शाळेत कुत्रंही फिरकत नाही, म्हणून दहावीच्या निरोप समारंभातच माझाही निरोप उरकून घ्यायचं ठरलंय. शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता. शाल, श्रीफळ आणि ललित सरांचं भाषण. हे ललित सर माझ्यानंतर इंग्रजी शिकवणार. वयाने तुझ्याएवढेच, पण बोलायला लागले की तास संपला तरी थांबत नाहीत.

अशा कार्यक्रमाला घरच्यांनी पुढच्या रांगेत बसायचं असतं. अण्णा बसतील, पण त्यांना पाच मिनिटांत डुलकी लागते. तू यावंस असं मला वाटतं. वेदिकाला घेऊन ये. रोहितरावांना सुट्टी असेल तर त्यांनाही आण.

बाकी शाळेचं नेहमीचंच. दहावी 'ब'ला सध्या पत्रलेखनाचा सराव चालू आहे. पत्ता उजव्या कोपऱ्यात लिहायचा की डाव्या, यावर अर्धा तास गेला. प्रश्नही वर्षानुवर्षं तोच: तू वसतिगृहात राहतेस असं समजून आईला इंग्रजीत पत्र लिही, पाच गुण, शंभर ते एकशेवीस शब्द. बेचाळीस वह्या तपासल्या. बेचाळीस मुलं वसतिगृहात मजेत आहेत, बेचाळीस जणांना तिथलं जेवण आवडतं आणि बेचाळीस जणांनी बाबांना नमस्कार सांगितलाय. सगळं गाईडातून जसंच्या तसं उतरवलेलं. एकाचे वडील गेल्या वर्षी वारले. त्यानेही सांगितलाय.

हा प्रश्न वाचून तुला काय आठवलं असेल ते मला कळतं. पण हे पत्र त्याबद्दल नाही. आठ तारखेला ये, एवढंच.

तुझ्याच शब्दांत,
मॅडम


चांदवड
सोमवार, १३ जानेवारी २०२५

सायली,

उत्तर नाही. ठीक आहे. हलवायाच्या घरी कुणी पेढे खात नाही, तसं पोस्टातल्या माणसाला पत्रांचं काय कौतुक.

उद्या संक्रांत. तीळगूळ पाकिटात घातला तर चुरा होतो, म्हणून अण्णांच्या हाती पाठवेन. तेवढा घे. गोड बोल असं काही म्हणत नाही. नुसतं बोल.

तुला वाटत असेल, 'शनिवारचं पत्र' मी केव्हाच बंद केलं असेल. नाही केलं. अजून दर शनिवारी शेवटच्या तासाला मी गठ्ठ्यातली एक वही काढते, नाव हाताने झाकते आणि चुकांनी भरलेलं ते पत्र मोठ्याने वाचते. वर्गाने चुका पकडायच्या. चूक सापडली की सगळ्यांनी एक टाळी वाजवायची. कंटाळून पेंगणारी पोरंसुद्धा त्या तासाला जागी असतात. या एका तासाच्या जोरावर किती जण इंग्रजीत तरले याची गणतीच नाही. लोकांच्या शेतात राबणाऱ्या आयांची पोरं आज बँकेत, तलाठी कार्यालयात बसलीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडं म्हणून सांगतेही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की त्याबद्दल बोलायचं नाही. पण गप्प बसून काही फरक पडत नाही हे चौदा वर्षांत कळलंय, तर आता लिहूनच टाकते. त्या शनिवारी जे झालं ते घाईत झालं. वही हाताला लागली, उघडली, वाचायला लागले. आधी वाचलेलं नव्हतं. 'मी घर नावाच्या वसतिगृहात राहते' हे तुझं पहिलं वाक्य. वर्ग खो खो हसला. अक्षर तुझं आहे हे ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. तू तिसऱ्या बाकावर होतीस. तूही हसलीस, म्हणून मला वाटलं, पोरीने मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी मी घरी आले तर तू स्वयंपाकघरातून विचारलंस, "मॅडम, चहा ठेवू का?"

शाळेत आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, हा नियम माझाच. तू पाचवीत आमच्या शाळेत आलीस तेव्हा केलेला. मास्तरांची पोरं असंच म्हणतात, त्यात वेगळं काही नाही. घरी आई, शाळेत मॅडम. त्या दिवशी तू शाळा घरात आणलीस. मी म्हटलं, राग आहे, दोन दिवसांत जाईल. दोन दिवसांची चौदा वर्षं झाली. तुझं लग्न झालं, पाठवणीच्या वेळी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडलीस आणि माझ्या पाया पडून म्हणालीस, "येते मॅडम." आता वेदिकाही तुझं ऐकून मला मॅडमआजी म्हणते. लोकांना गंमत वाटते, तेव्हा मीही हसते.

घाईत झालं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, आज सांगितलं.

मॅडम


चांदवड
रविवार, १९ जानेवारी २०२५

सायली,

अण्णा मोटार वाइंडिंगचं दुकान बंद ठेवून तुझ्याकडे आले होते, त्याला आता दोन दिवस झाले. परत आल्यावर मी त्यांना पिशवी ठेवूही दिली नाही.

"काय म्हणाली?"

"काय म्हननार? चहा दिला, पोहे दिले. तीळगूळ घेतला."

"पत्रांचं काही बोलली?"

"दोन्ही पाकिटं टीव्हीच्या मागं दिसली."

"फोडलेली का तशीच?"

"आता ते बघायला मी टीव्हीमागं डोकं घालू का काय?" मग पाय धुऊन, जेवायला बसून, अर्धी भाकरी झाल्यावर स्वतःच म्हणाले, "फोडलेली व्हती. एक तर लय चुरगाळेल व्हतं. अन् परत सरळ केलेलं."

मी कोणतं ते विचारलं. ते म्हणाले, "दोघी एकाच माळेचे मणी. तुमचं तुम्ही पोस्टातच बघून घ्या."

दुसरं पत्र असणार, मला माहीत आहे. ते चुरगाळण्यासारखंच होतं.

आता शाळेतली गोष्ट सांगते, कारण ती सांगायला मला दुसरं कुणी नाही. गुरुवारी पुन्हा तेच गाईडातलं पत्र बघून माझं डोकं फिरलं. मी वह्या टेबलावर आपटल्या आणि म्हटलं, "आजपासून वसतिगृह बंद. आईला खरं जे सांगायचं असेल ते लिहा. चुका झाल्या तर गुण कापणार नाही." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरं लिहा म्हटलं की पोरं किती घाबरतात ते मी पहिल्यांदाच बघितलं.

एक जण म्हणाला, "मॅडम, आई तं घरीच हाय. तिला कशाला पत्र?"

दुसरा म्हणाला, "आमच्या आईला इंग्रजी येतच नाय."

मी म्हटलं, "मग तर बरंच आहे, तिला कळणार नाही."

"मंग लय खरं लिहितो," तो म्हणाला. सगळे हसले आणि माना खाली घालून लिहायला लागले. चाळीस मिनिटं नुसता पेनांचा आवाज. एवढ्या वर्षांत पत्रलेखनाच्या तासाला असं कधी झालं नव्हतं.

त्यात एक मीना नावाची मुलगी आहे. खिडकीपाशी बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही. तिची आई पहाटे पिकअपमध्ये बसून विंचूरकडच्या द्राक्षबागांत कामाला जाते, अंधार पडल्यावर येते. मीनाचं इंग्रजी लंगडं आहे, क्रियापदं कुठल्या कुठे पडतात. तिने काय लिहिलं ते मराठीत सांगते: 'आई, मावशी सांगते की तू बागेत द्राक्षाचे घड दोन्ही हातांनी धरून हळूच कागदात ठेवतेस, एक मणी तुटू देत नाहीस. सकाळी माझी वेणी घालताना मात्र तू फार जोरात ओढतेस. मी ओरडत नाही कारण तू तेवढाच वेळ माझ्याजवळ असतेस.'

आणि खाली पेन्सिलीने, मराठीत: 'मॅडम, हे शनिवारी वाचू नका.'

मी लाल पेन उघडलं होतं. टोपण लावून ठेवून दिलं. ती वही अजून तशीच आहे, तपासलेली नाही. काल शनिवार होता. मी कुणाचंच पत्र वाचलं नाही, फळ्यावर काळ लिहून दिले. मुलांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. मीनाने मात्र तास संपल्यावर माझ्याकडे एकदा बघितलं.

तुझ्या वहीत असं पेन्सिलीचं वाक्य नव्हतं. तुला ते लिहायची गरज वाटली नसेल.

मॅडम


चांदवड
शनिवार, २५ जानेवारी २०२५

सायली,

दुसऱ्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू ते ओळखलंस, म्हणूनच चुरगाळलंस. आता खरं लिहिते. मुलांना सांगायचं आणि स्वतः गाईड उतरवायचं, हे बरं नाही.

तुझी वही मी आदल्या दिवशीच वाचली होती. एकदा नाही, तीनदा.

त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये बोलणं झालं होतं. मॅडमच्या पोरीला घटक चाचणीत विसापैकी एकोणीस, घरचाच पेपर आणि घरचीच तपासणी. एक पालक हेडसरांपर्यंत गेला होता. हेडसर मला काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसणं मला फार लागलं. तुझी वही समोर आली तेव्हा मी ठरवलं की आता यांना दाखवतेच. माझ्या वर्गात माझी मुलगी कुणी नाही, सगळी पोरं सारखी. लोकांची तोंडं बंद झाली, खरंच झाली. त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही.

पण तेवढंच असतं तरी मी तुला कधीतरी सांगितलं असतं. मला तुझा राग आला होता. पहाटे पाचला उठायचं, तिघांचे डबे करायचे, शाळा, वह्या, रविवारी शिकवणी. हे सगळं कुणासाठी? आणि पोरगी लिहिते की ती वसतिगृहात राहते. मला वाटलं, ऐकू दे तिला स्वतःचं लिहिणं चारचौघांत. असं वाटलं होतं मला. आईला असं वाटू शकतं हे कुठल्या गाईडात नसतं.

आणखी एक आहे आणि ते सगळ्यांत अवघड आहे. वर्गात मी तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं नाही. तुला वाटत असेल, हशा झाला म्हणून मी मध्येच थांबले, शेवट माझ्या नजरेलाच पडला नाही. सायली, मी तो वाचला होता. शेवटच्या ओळी मी मुद्दाम गाळल्या, कारण त्या वर्गासमोर वाचायला लागले असते तर माझा आवाज फुटला असता.

वही हरवली असं मी तुला सांगितलं होतं. हरवली नाही. माझ्या बी.एड.च्या कागदांच्या फाइलमध्ये आहे, दर दिवाळीला कपाट आवरताना निघते आणि मी परत ठेवते. आता समोर घेऊन बसलेय. तुझ्या इंग्रजीचं मराठी करते, तू केलं असतंस त्यापेक्षा वाईटच होईल: 'आमच्या वसतिगृहात भेटीची वेळ रविवारी चार ते सहा असते. त्या वेळी सगळ्यांच्या आया येतात. तूही ये. येताना हुलग्याचे शेंगोळे आण. ते करायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. वेळ नसेल तर काही आणू नकोस, नुसती येऊन बस.'

रविवारी चार ते सहा ओसरीवर माझी शिकवणी असायची. दुसऱ्यांची तीस पोरं. आतलं दार लोटलेलं असायचं, कारण टीव्हीचा आवाज नको. तू दाराच्या आत असायचीस.

तुझ्या शेवटच्या ओळीखाली माझ्या अक्षरात, लाल शाईत लिहिलंय: 'विषयाला सोडून. शब्दमर्यादा ओलांडली. पाचपैकी दोन.'

हे लिहून झाल्यावर उठले आणि भांडी घासली. अण्णा म्हणाले, "आगं, घासलेलीच हायेत ना ती!" मी तरी घासली.

मला तुझी फार आठवण येते. नाशिकरोड इथून दीड-दोन तासांवर. माझी वर्गमैत्रीण यशोदाबाई, तिची मुलगी कॅनडात असते आणि तिला रोज फोन करून भाजीत किती मीठ घालू ते विचारते. मला यशोदाबाईचा हेवा वाटतो. मीठ विचारायला तरी कर.

आठ तारखेला ये ना गं.


चांदवड
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सायली,

काल शेवटचा शनिवार होता. पुढच्या शनिवारी निरोप, मग मुलांना परीक्षेची सुट्टी. मुलांनी विचारलं, "मॅडम, आज तरी वाचणार ना?" मी म्हटलं, वाचणार.

वही माझी होती. बत्तीस वर्षं पत्रलेखन शिकवलं, पण इंग्रजीत खऱ्या माणसाला आपण एकही पत्र लिहिलेलं नाही, हे शुक्रवारी लिहायला बसले तेव्हा ध्यानात आलं. परीक्षेतल्या खोट्या नावांना शेकड्यांनी लिहिली. तुला लिहायला लागले तर पहिल्याच ओळीत अडले. चुका मुद्दाम केल्या नाहीत, आपोआप झाल्या. घाबरलं की होतात, हे मी मुलांना कधी मानू दिलं नव्हतं.

नेहमीसारखं नाव झाकून वाचलं. एका बाईने मुलीला लिहिलेलं पत्र. मुलीने पूर्वी आईला एक पत्र लिहिलं होतं, रविवारी भेटायला ये म्हणून. आईने ते वाचलं, पण गेली नाही, उत्तरही दिलं नाही. त्याची माफी. मग आईचा आता निरोप समारंभ आहे, सगळ्यांच्या घरचे येतात, तर तू ये, अशी विनंती.

पहिल्या दोन चुकांना टाळ्या पडल्या. तारीख राहिली, टाळी. एका वाक्यात काळ बदलला, टाळी. मग टाळ्या थांबल्या. चुका संपल्या नव्हत्या, पण पोरं ऐकत बसली. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "मॅडमचंच हाय." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटी मी विचारलं, "अजून काही चूक?"

मीना उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा वर्गात न विचारता.

"मॅडम, एक इचारू? यात त्या पोरीनं आईला बोलावलं व्हतं ना?"

"हो."

"मंग आई पोरीलाच ये म्हन्ती. आईनं जायाचं राहूनच गेलं." मग घाबरून म्हणाली, "ही चूक धरायची का नाय, मला म्हाईत नाय."

कुणी टाळी वाजवली नाही. मी तिला बस म्हटलं आणि खडू उचलून फळ्याकडे वळले. फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. बहुतेक तारीख.

एवढं सरळ होतं गं. आठवीपर्यंत ढकलत आलेल्या, क्रियापद न सापडणाऱ्या पोरीला एका ऐकण्यात दिसलं. मी चार पत्रं लिहिली आणि तुलाच ये, ये करत राहिले. पुढच्या रांगेत तुला बसवायचं होतं मला. म्हणजे पुन्हा लोकांना दाखवायलाच की.

म्हणून आठ तारखेचं आमंत्रण मी मागे घेते. येऊ नकोस. रागाने म्हणत नाही.

नऊ तारखेला रविवार आहे. मी येते, चार वाजता. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी काही म्हणणार नाही आणि अण्णांनाही काही म्हणू देणार नाही.

मीनाची वही मी शेवटी तपासली. चुकांना हात लावला नाही. खाली लिहिलं, 'हे आईला मराठीत सांग.' परवा तिने येऊन सांगितलं, "सांगितलं मॅडम. आई रडली, अन् मंग अजूनच जोरात ओढली वेणी." आणि हसली.


नाशिकरोड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सायली,

तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी जो बाक आहे तिथे बसून लिहितेय. नाशकात द्वारका चौकात उतरले, तिथून रिक्षा लगेच मिळाली, त्यामुळे पाऊण तास आधी पोचले. वर येता आलं असतं, पण वेळ चारची आहे.

काल कार्यक्रम झाला. ललित सर वीस मिनिटं बोलले, अण्णा त्यातली पंधरा झोपले. मला बोला म्हणाले तेव्हा मी दोनच वाक्यं बोलले. लोकांना वाटलं मी गहिवरले. खरं म्हणजे माझं लक्ष नव्हतं. घरी हुलगे दळून ठेवलेले होते.

सकाळी शेंगोळे करायला बसले. लसूण, मिरची, जिरं वाटून पीठ मळलं आणि एकेक तळहातावर वळून उकळत्या रश्श्यात सोडत गेले. दोन तास लागले. इतके दिवस मी म्हणायचे की या पदार्थाला वेळ कुणाकडे आहे. दोनच तास लागतात, सायली. चार ते सहा, तेवढेच.

डबा मांडीवर आहे. बसमध्ये सांडू नये म्हणून टॉवेलात बांधलाय, अजून कोमट लागतोय.

वॉचमनने विचारलं, "कुनाकडं जायाचंय मावशी?"

"पोरीकडं."

"मंग जा ना वर."

"वेळ व्हायचीय," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही.

मला भीती वाटतेय. बी.एड.च्या पहिल्या पाठाला वाटली होती तशी. दार उघडलं नाहीस तर हा कागद डब्यावर ठेवून जाईन. डबा परत पाठवायची घाई नाही, घरी दुसरा आहे. उघडलंस तर काही बोलणार नाही, इंग्रजीचं तर नाहीच नाही. तू लिहिलं होतंस तसं नुसती येऊन बसेन.

सही करत नाही. काय म्हणून करावी ते मला ठरवता येत नाही.

चारला पाच कमी आहेत. उठते.


नाशिकरोड
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

आई,

हा शब्द लिहायला जमला. तोंडाने म्हणायला वेळ लागेल. रविवारी दार उघडलं तेव्हा आला होता, पण तुझ्या हातातला टॉवेलात बांधलेला डबा बघितला आणि परत आत गेला.

शेंगोळे घट्ट झाले होते. पाणी घालून गरम करावे लागले. मीठ कमी होतं. वेदिकाने दोन वाट्या खाल्ले आणि तुला विचारलं, "मॅडमआजी, हे काय असतं?" तू तिला सांगितलंस ते मी ओट्यापाशी उभी राहून ऐकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं की ते वळताना मधे बोट ठेवायचं असतं.

दोन तासांत तू माझी एकही चूक काढली नाहीस. पडदे वाकडे लागलेत, ते तुला दिसले होते. तीनदा तुझी नजर तिकडे गेली, मी मोजलं. मोजायची सवय माझ्यातही आली आहे, कुठून ते तुला माहीत आहे. मीही फारशी बोलले नाही. तू बसली आहेस एवढंच पुरत होतं.

सगळी पत्रं वाचली. खिडकीवर पत्र हातात आलं की तुझं अक्षर लांबूनच कळायचं. दुसरं चुरगाळलं. चौथं घरी नेलंच नाही, पोस्टातच ठेवलंय, कारण ते वाचल्यावर मला घरी रडता आलं नसतं. तुला वाटत होतं मला माहीत नव्हतं. तू शेवटच्या ओळी गाळल्यास तेव्हाच मला कळलं होतं की तू त्या वाचल्या आहेस. तू वाचायची थांबलीस आणि मी पुढचे सगळे रविवार वाट बघितली. दहावी संपेपर्यंत. मग मॅडम म्हणणं तेवढं राहिलं.

राग गेलेला नाही. खोटं कशाला लिहू, गाईड उतरवल्यासारखं होईल. जाईल तेव्हा कळवीन.

ती वही पुढच्या वेळी घेऊन ये. पाचपैकी दोन मला कमी वाटतात.

सहा वाजले आणि तू पर्स उचलून उठलीस. वेदिका म्हणाली, "एवढ्यात?" मी गप्प बसले, कारण वेळ मीच लिहून दिली होती. तू जिन्याने खाली जाईपर्यंत दारातच उभी होते. पण आई, ती वेळ सोळा वर्षांच्या मुलीने लिहिली होती. दोन तासांहून जास्त मागितलं तर तू येणारच नाहीस, असं तिला वाटलं होतं.

या रविवारी ये. मुक्कामाला ये.

सायली